चिनी दातवाल्याची बारावी

माझ्या बाबांना अर्धं कल्याण 'डॉक्टर' म्हणायचं, आणि बाबा डॉक्टर नव्हते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलायचं नाही.

स्टेशनच्या पश्चिमेला, भाजीबाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. दवाखाना नाही, आम्ही दुकानच म्हणायचो. रस्त्याच्या बाजूला काचेचं कपाट, त्यात प्लास्टरचे जबडे आणि गुलाबी कवळ्या मांडलेल्या. आत पायाने पंप मारून वर उचलायची जुनी लोखंडी खुर्ची. मागे पडद्याआड बाबांची कामाची जागा, तिथे स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या आणि पॉलिश करायचं यंत्र. मी शाळेतून आले की तिथल्या स्टुलावर बसून डबा खायचे. मेणाचा वास आला की मला अजूनही भूक लागते.

माझे आजोबा चीनमधल्या हुबेई प्रांतातले. त्यांच्या गावात दात काढणं आणि दात बसवणं हा पिढीजात धंदा होता. तिथून ते कलकत्त्याला आले, मग नागपूरला आणि मग कल्याणला. जंक्शन आहे, माणसं येत-जात राहणार, आणि जिथे माणसं तिथे दात, एवढाच विचार करून ते इथे उतरले, असं बाबा सांगायचे. स्वातंत्र्यानंतर दंतवैद्यांसाठी कायदा आला तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या जुन्या लोकांना सरकारने अनुभवावर नोंदणी दिली. आजोबांना ती मिळाली. बासष्टच्या युद्धानंतर काही वर्षं त्यांना शहराबाहेर जायचं असलं तर पोलिसांना सांगून जावं लागायचं, पण नोंदणी मात्र राहिली. ती त्यांच्यापुरतीच होती. बाबा दहावी झाले आणि आजोबांच्या शेजारी उभं राहून काम शिकले. आजोबा गेले, पाटीवर त्यांचंच नाव राहिलं आणि खुर्चीशेजारी बाबा उभे राहिले.

आई ठाकुर्लीची, आगरी. तिच्या वडिलांना कवळी करायची होती म्हणून ती त्यांना घेऊन दुकानात यायची. कवळी पहिल्याच फेरीत बसली असती तर तू जन्मालाच आली नसतीस, असं ती मला सांगते. कवळी काही नीट बसेना, फेऱ्या वाढत गेल्या आणि त्या फेऱ्यांत तिचं आणि बाबांचं जमलं. "चिन्याला पोरगी देताव कं?" म्हणून मामाने घर डोक्यावर घेतलेलं. आईने ऐकलं नाही. माझे डोळे बाबांचे आहेत आणि जीभ आईची. शाळा मराठी माध्यमाची. दरवर्षी नवीन शिक्षक विचारायचे, "नेपाळची का गं तू?" मी सांगायचे, "नाही, ठाकुर्लीची."

मला दंतवैद्यकीला प्रवेश मिळाला त्या दिवशी बाबांनी भाजीवाल्यांपासून चौकातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. घरी आल्यावर मात्र ते माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, "आता आपल्याकडे खरा डॉक्टर होणार." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा ह्या विषयावर बोलले, ते असं.

मी रोज कॉलेजातून आले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज काय शिकवलं?" मी सांगायचे आणि ते मन लावून ऐकायचे. जबड्याच्या आतून नस कुठून कुठे जाते हे मी त्यांना कवटीच्या चित्रावर दाखवलं तेव्हा ते चित्र त्यांनी हातातून खाली ठेवलंच नाही. "ही इथे असते?" ते परत परत विचारत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "देवाने सांभाळलं मला."

तिसऱ्या वर्षी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एका लेक्चरला पडद्यावर फोटो दाखवला. एका माणसाचं उघडं तोंड. पुढचा एक खोटा दात, त्याच्याभोवती गुलाबी मसाला थापलेला, शेजारच्या दातांना बारीक तार गुंडाळलेली. मॅडम म्हणाल्या, "शिक्षण न घेतलेली माणसं हे करतात. पावडर आणि लिक्विड कालवून थेट तोंडात लावतात, आजूबाजूच्या चांगल्या दातांना बांधून टाकतात आणि पक्का दात दिला म्हणून सांगतात. वरून छान दिसतं. खाली अन्न कुजतं, हिरडी सुजते, हाड झिजतं. शेवटी एका खोट्या दातापायी दोन खरे दात जातात."

माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण कुजबुजली, "ई, कोण करून घेतं असलं?"

"खूप जण," मी म्हटलं.

आमच्या दुकानात त्याला पक्का दातच म्हणायचे. टिटवाळ्यापासून, अंबरनाथपासून लोक त्यासाठी यायचे. ती तार कशी गुंडाळायची हे मी स्टुलावर बसून लहानपणापासून बघत आलेले.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, पक्का दात बंद करा."

"का? कोणी तक्रार केली?"

"तक्रार कशी येईल? दुखायला लागलं की लोक दुसरीकडे जातात."

बाबांच्या हातात मेणाची पट्टी होती. त्यांनी ती दिव्यावर धरली, आणि ती वितळून टेबलावर गळली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "माझ्या बापाने हेच केलं," ते म्हणाले, "आणि त्याच्या बापाने." मग काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. कॉलेजात काय शिकवलं हेही विचारलं नाही.

आणि मग एका शनिवारी दुकानात बाई आल्या.

बाई म्हणजे बाबांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. नववी-दहावीला त्यांनी बाबांना शिकवलेलं. निवृत्त होऊन डोंबिवलीला राहत होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, सरळ पाठ, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप नीट उभा राहील. काही वर्षांपूर्वी त्यांचा पुढचा एक दात पडला तेव्हा त्या दुसऱ्या कोणाकडे न जाता आपल्या विद्यार्थ्याकडे आल्या होत्या. बाबांनी त्यांना पक्का दात बसवून दिला होता, आणि त्यांच्याकडून काही घ्यायला नकार दिला होता.

आता त्यांचा गाल सुजलेला होता. "अरे," त्या बाबांना म्हणाल्या, "तुझा पक्का दात अगदी पक्का आहे. पण त्याच्या शेजारचे डळमळायला लागलेत."

बाबांनी टॉर्च लावून बघितलं. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा बाई, आणि लवंगाचं तेल..." एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टॉर्च घेतला. हिरडीला जरासा हात लावला तर पू आला.

"बाई, सोमवारी माझ्या कॉलेजला चला," मी म्हटलं.

"मीही येतो," बाबा म्हणाले.

कॉलेज शिळफाट्याच्या पलीकडे. सोमवारी मी बाईंना रिक्षाने घेऊन गेले, बाबा मागून स्कूटरवर आले. एक्स-रे काढला. मॅडमनी तो उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे कोणी केलंय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"माझ्या एका विद्यार्थ्याने," बाई म्हणाल्या.

"तुमच्या विद्यार्थ्याला एकदा भेटायलाच हवं."

बाबा दाराशी हेल्मेट हातात धरून उभे होते. तिथून निघून जाणं त्यांना अगदी सोपं होतं, कारण मॅडम त्यांना ओळखत नव्हत्या. ते दोन पावलं पुढे आले. "मी आहे मॅडम. ते काम माझं आहे."

मॅडम आता पोलिसांना फोन लावतील, मला कॉलेजातून काढतील, काय काय डोक्यात आलं. मॅडमनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघांचे चेहरे इतके सारखे की आणखी काही सांगायची गरज नव्हती. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "हात धुवा. मास्क लावा. इकडे माझ्या बाजूला येऊन उभे राहा."

त्यांनी यंत्राने तो गुलाबी मसाला थोडा थोडा कापून काढला. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा असा वास सुटला की नर्सनेही तोंड फिरवलं. मॅडमनी बाबांच्या हातात छोटा आरसा दिला. "बघा."

बाबा वाकले. बराच वेळ वाकूनच होते. खाली हिरडी काळी-निळी पडली होती आणि दातांची मुळं उघडी दिसत होती. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. "मी बसवून द्यायचो," ते म्हणाले. "नंतर खालून कधी बघितलंच नाही."

बाईंचे शेजारचे दोन्ही दात काढावे लागले. तोंडात कापूस असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी बाबांच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि रिक्षात जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान उघडलं, पण कोणाला खुर्चीत बसवलं नाही. स्टुलावर चढून त्यांनी स्वतः आजोबांच्या नावाची पाटी उतरवली, कापडाने पुसली आणि घरी आणली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, धाड पडली. कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "कोणी बंद केलं नाही. मी बंद केलं."

घर कसं चालणार हा प्रश्न होता, पण आईला माहेरून मिळालेले दोन गाळे भाड्याने दिलेले होते, त्यावर भागेल असं तिने ठरवून टाकलं. बाबांपुढे दुसराच प्रश्न होता. त्यांनी आजवर किती जणांना पक्के दात बसवले होते ते त्यांना आठवत होतं. नावानिशी नाही, तोंडानिशी. कोणाचा कुठला दात, कोणाची हिरडी पातळ, सगळं. त्यांनी विचारत विचारत त्या माणसांना शोधायला सुरुवात केली.

हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. बाबा स्कूटर घेऊन शहाडला, टिटवाळ्याला, कोळसेवाडीला जायचे, दार वाजवायचे आणि सांगायचे, "मी बसवलेला तो दात काढून घ्या. माझी मुलगी शिकते त्या कॉलेजात चला, मी नेतो." काहींनी शिव्या दिल्या. एकाने सरळ दार आपटलं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "छान चाललाय की माझा दात, तुला काय त्रास आहे?" ठाकुर्लीत आईने बायकांमध्ये मोहीमच काढली. हळदीकुंकवाला गेली तरी ती आधी समोरच्या बाईचं तोंड बघायची.

लोक यायला लागले. मॅडम मला वॉर्डमध्ये गाठून म्हणायच्या, "तुझे बाबा आज पुन्हा आलेत, आणखी तिघांना घेऊन." सुरुवातीला त्या वैतागलेल्या असायच्या. नंतर नंतर त्या बाबांसाठी खुर्ची ठेवायला सांगायला लागल्या.

अशाच एका पेशंटच्या तोंडात मॅडमना खालची कवळी दिसली. काढता-घालता येणारी, साधी. त्यांनी ती बाहेर काढून उलटसुलट करून बघितली. "हीसुद्धा तुमचीच?"

बाबांनी मान खाली घातली. "हो. हीपण चुकली का?"

"माप सैल आहे. पण दात लावण्यात तुमचा हात चांगला आहे." मॅडमनी हातमोजे काढले. "हे बघा, मी स्पष्ट बोलते. पेशंटच्या तोंडात तुम्ही परत हात घालायचा नाही, ते कायमचं विसरा. पण कवळी बनवणं हे तंत्रज्ञाचं काम आहे. त्याचा रीतसर कोर्स आहे, आमच्याकडेच आहे. पास झालात की तुमचीही नोंदणी होते."

"मला घेतील?"

"बारावी सायन्स लागेल."

बाबा हसले. खूप दिवसांनी हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मॅडम, मी पन्नाशीला आलो."

घरी येऊन त्यांनी हे एखाद्या विनोदासारखं सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "मंग? पन्नाशीला डोकं बंद परतं कं?"

"अगं, फिजिक्स, केमिस्ट्री... मला दहावीला विज्ञानात किती होते माहितीये का तुला?"

"मना नको सांगू. ज्यांनी मार्क दिले त्यांना जाऊन सांग."

म्हणून रविवारी आम्ही तिघं डोंबिवलीला बाईंकडे गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तोंडात तात्पुरते दात होते, त्यामुळे त्या जरा जपून बोलत होत्या. "माझे दोन दात गेले ते गेले," त्या म्हणाल्या. "त्या बदल्यात मला एक बारावी पास विद्यार्थी पाहिजे. उद्यापासून ये. पुस्तकं मी काढून ठेवते."

"बाई, जमेल का मला?"

"तुला दहावीतही हाच प्रश्न पडायचा. तेव्हाही मी उत्तर दिलं नव्हतं."

त्यांनी मुक्त विद्यालयात बाबांचं नाव घातलं. मग बाबा रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, पाठीवर माझी जुनी सॅक लावून डोंबिवलीला निघायचे. बाईंच्या गॅलरीत दोन खुर्च्या आणि एक फळा. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. शेजारच्या फ्लॅटमधले लोक गॅलरीत कपडे वाळत घालायला येऊन उगाच रेंगाळायचे. पन्नाशीचा एक चिनी चेहऱ्याचा माणूस अस्खलित मराठीत न्यूटनचे नियम घोकतोय, हे त्यांनी कुठे बघितलं असणार?

बाबा आकडे मनातल्या मनात आजोबांच्या भाषेत मोजायचे. यी, अर, सान. बाईंनी एकदा ते ऐकलं आणि म्हणाल्या, "कुठल्याही भाषेत मोज, उत्तर बरोबर आलं पाहिजे." उत्तर बरेचदा चुकायचं. फिजिक्स त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. रसायनशास्त्राचं तसं नव्हतं. प्लास्टिक कसं बनतं तो धडा सुरू झाला, लहान लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळी होते, काही रेणू मात्र सुटे राहतात, असं बाई फळ्यावर काढून दाखवत होत्या, आणि बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "बाई, म्हणून झोंबायचं!"

"काय झोंबायचं?"

"तो गुलाबी मसाला! मी लावला की लोक म्हणायचे, झोंबतंय, आग होतेय. मी म्हणायचो, दोन दिवसांत जाईल. ते सुटं राहिलेलं लिक्विड होतं. ते हिरडीला भाजत होतं." ते तसेच उभे होते, हात हवेत. आनंद होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. बाईंनी खडू खाली ठेवला. "आता तुला कळलं," त्या म्हणाल्या. "बस खाली. पुढचं लिहून घे."

परीक्षेचं केंद्र ठाण्याला आलं, एका शाळेत. आईने पोळी-भाजीचा डबा दिलेला आणि ती स्वतःही बरोबर आलेली. वर्गाच्या दारात पर्यवेक्षकांनी बाबांना नमस्कार केला, "या सर, तुम्ही कुठल्या शाळेतून? ह्या वर्गावर माझ्याबरोबर तुम्हीच आहात का?" बाबांनी हॉल तिकीट पुढे केलं. ते गृहस्थ ओशाळले आणि त्यांनी बाबांचा बाक पंख्याखाली सरकवून दिला. बाबांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते म्हणून ते पेपरभर तिरके बसले.

निकाल लागला. रसायन, जीवशास्त्र, भाषा, सगळं सुटलं. फिजिक्स राहिलं.

बाबा दोन दिवस पॉलिशच्या यंत्रापाशी बसून होते, यंत्र न चालवता. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः कल्याणला आल्या. बंद दुकानाचं अर्धं शटर वर करून, वाकून आत शिरल्या आणि लोखंडी खुर्चीत बसल्या. "एका विषयात नापास झालास," त्या म्हणाल्या, "म्हणजे बाकी सगळ्यांत पास झालास. फिजिक्स मी तुला चुकीच्या टोकाकडून शिकवलं. आता दातापासून सुरू करू." आणि खरंच त्यांनी तसंच केलं. जबडा म्हणजे तरफ, चावणं म्हणजे बल, सांधा म्हणजे टेकू. पॉलिशचं यंत्र म्हणजे वर्तुळाकार गती. बाबा मला घरी येऊन जबड्याची चित्रं काढून सगळं समजावून सांगायचे, आणि मी, जी हे सगळं शिकून गेलेली, गप्प बसून ऐकायचे, कारण त्यांना ते सांगताना बघणं फार छान होतं.

पुढच्या खेपेला फिजिक्स सुटलं. ज्या मामाने चिन्याला पोरगी देण्यावरून भांडण काढलेलं, त्याने ठाकुर्लीत फटाक्यांची मोठी माळ लावली. लोकांना वाटलं कोणीतरी निवडणूक जिंकलं. मामा सगळ्यांना सांगत होता, "आमचा जावई बारावी झाला!" भाचीला डॉक्टरीची डिग्री मिळायची होती, तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवरच्या क्लार्कने वर न बघताच सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबा, मुलाला पुढे पाठवा."

"मुलगा नाहीये," बाबा म्हणाले. "विद्यार्थी मीच आहे."

असं झालं की मी इंटर्न होते आणि बाबा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. आम्ही सकाळी एकाच स्कूटरवर निघायचो. कल्याण-शीळ रस्ता नेहमीप्रमाणे कुठे ना कुठे खणलेला असायचा, खड्डा आला की मागून मी ओरडायचे आणि बाबा म्हणायचे, "सीनियर, शांत बसा जरा." त्यांच्या वर्गातली पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती त्यांना 'अंकल' म्हणायची, महिन्याभरात 'काका', आणि मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायचं प्रॅक्टिकल झाल्यावर "काका, एक नंबर!"

पण तिथेही त्यांना सगळं आपसूक आलं असं नाही. त्यांना शिकवणारे सर माझ्याहून थोडेच मोठे होते. बाबा पावडर आणि लिक्विड नजरेने घ्यायचे, आयुष्यभर तसंच घेत आलेले. सरांनी त्यांची पहिली कवळी उजेडापुढे धरली. आत बारीक बारीक बुडबुडे होते. "काका, हे मापून घेतलं नाहीत. परत करा." दुसरीही परत आली. तिसरीही. मला वाटलं, बाबा आता चिडतील. ते घरी येऊन आईला सांगायचे, "आज परत दिलं सरांनी," आणि सांगताना चेहरा असा की जणू शाबासकी मिळालीय. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझं काम आजवर कोणी तपासलंच नव्हतं गं. बरं वाटतं."

ते पास झाले तेव्हा माझी नोंदणी होऊन वर्ष होत आलं होतं. मग त्यांचीही झाली. स्वतःच्या नावाची, स्वतःच्या नंबरची. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा त्यांनी ते आधी आईला वाचायला दिलं. तिने मोठ्याने वाचलं, थांबून थांबून, आणि शेवटी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आता कवळी पयल्याच फेरीत बसंल ना?"

दुकानाच्या जागी आम्ही दवाखाना सुरू केला. नवीन खुर्ची, निर्जंतुक करायचं यंत्र, एक्स-रे. पुढे मी, मागे काचेच्या भिंतीपलीकडे बाबांची लॅब. ती भिंत बाबांनीच मागून घेतली. जुने लोक यायचे आणि माझ्यासमोरून थेट आत जायला बघायचे. "डॉक्टर, तुम्हीच काढा ना माझी दाढ. मागची तुम्हीच काढलेली, कळलंसुद्धा नव्हतं."

बाबा काचेपलीकडून हात जोडायचे. "मी डॉक्टर नाही. डॉक्टर इथे बसल्यात. मी कवळी बनवतो." हे ते इतक्या सहज म्हणायचे की ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मला वाटायचं. ज्या शब्दाभोवती आमचं घर इतकी वर्षं दबकून वावरलं, तो शब्द ते आता मोकळ्या मनाने नाकारत होते. आणि त्यांच्याकडे काम यायला लागलं. आधी डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांकडून, मग ठाण्याहून, मग अशा ठिकाणांहून जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. मॅडमनीसुद्धा स्वतःच्या आईच्या कवळीचं माप बाबांकडे पाठवलं. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नाही, नुसतं काम. बाबांनी ते पार्सल टेबलावर ठेवलं आणि हात न लावता बराच वेळ बघत बसले.

मागच्या वर्षी बाईंचे वरचे उरलेले दातही गेले. वय झालेलं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. त्या आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माप तू घे. दात त्याने करायचे."

मी माप घेतलं, बाबांनी साचा केला. मेणात दात लावून ते ट्रे घेऊन काचेच्या भिंतीपर्यंत आले आणि थांबले. मी ट्रे घेतला आणि बाईंच्या तोंडात कवळी बसवून बघितली. आरसा दिला. बाई बघत राहिल्या. डावीकडच्या सुळ्याच्या पुढचा दात जरासा तिरपा, शेजारच्यावर किंचित चढलेला होता. तो तसा का लावला ते मलाही कळलं नव्हतं.

"हा असाच होता माझा," बाई म्हणाल्या. "तरुणपणी. मला अजिबात आवडायचा नाही." त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं. "तुझ्या लक्षात कसं राहिलं रे?"

बाबा काचेपलीकडून म्हणाले, "पहिल्या बाकावर होतो, बाई. दोन वर्षं."

मेणाच्या जागी शेवटची, खरी कवळी तयार झाली त्या दिवशी बाहेर बाकावर बरीच गर्दी होती. एक बाई मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत होती, दोन मुलं मारामारी करत होती, कोणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत आत आलेलं. मी बाईंना म्हटलं, "काहीतरी बोलून बघा. स, श नीट येतात का ते बघायचंय. थोडं मोठ्याने बोला."

बाईंनी पाठ ताठ केली. श्वास घेतला. आणि अख्ख्या गल्लीत घुमेल असा आवाज निघाला, "शांत बसा सगळे!"

बाहेर एकदम सामसूम झालं. मोबाइलवाली बाई थांबली, मुलं थांबली, रिक्षावालाही. काचेपलीकडे बाबा हातातलं काम टाकून सावधान उभे राहिलेले.

"हो, बाई," ते म्हणाले.

आधी बाईच हसल्या, मोठ्याने, सगळे दात दाखवत, आणि कवळी जागची हलली नाही.